पोटातली प्रत्येक कळ ‘गॅस’ नसते

संपादक महोदय,

पोटात अचानक जोराची कळ आली की घरात पहिला शब्द निघतो तो ‘गॅस’. मग अँटासिड, शेकायची पिशवी, पोट साफ करणारे जुलाबाचे औषध, आणि यात चार-सहा तास निघून जातात. काही आजारांत नेमके तेच तास हातात असतात.

दुखते कुठे, एवढेच विचारून भागत नाही. दुखणे कसे सुरू झाले, कुठे सरकले आणि माणूस कसा पडून आहे, तेही पाहावे. मुतखडा असलेला माणूस एका जागी ठरत नाही. कूस बदलतो, उठतो, येरझाऱ्या घालतो. कळ कमरेच्या एका बाजूकडून जांघेत उतरते. अल्सर (जठरातली किंवा आतड्यातली जखम) फुटलेला माणूस मात्र हलतच नाही. गुडघे दुमडून, वरवर श्वास घेत निपचित पडतो. पलंगाला नुसता धक्का लागला तरी कळवळतो आणि पोट हाताला फळीसारखे कडक लागते. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

अपेंडिक्स बहुतेकदा बेंबीभोवतीच्या मोघम दुखण्याने सुरू होते. भूक मरते, मळमळते आणि काही तासांनी दुखणे उजवीकडे खाली येऊन ठरते. खोकले की तिथेच कळ उठते. सहसा आधी दुखणे, मग उलटी असा क्रम असतो. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मध्येच एकदम वाटणारा आराम. ताणलेले अपेंडिक्स फुटले की आतला दाब सुटतो, घरचे निर्धास्त होतात, आणि काही तासांत पोटभर दुखणे व ताप सुरू होतो.

पोट फुगले, उलट्या होत आहेत, शौच नाही आणि वाराही सरत नाही, तर आतडे अडलेले असू शकते. तेव्हा जांघेत आत न जाणारी, दुखरी गाठ आहे का तेही पाहावे. हर्निया अडकलेला असू शकतो.

पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, खांद्याच्या टोकाला कळ जात असेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत राहून आत रक्तस्राव होत असण्याची शंका घ्यावी. नसबंदी झाली आहे म्हणून ही शक्यता सोडू नये. मुलगे लाजेपोटी नुसते ‘पोट दुखतंय’ म्हणतात; वृषणाला पीळ पडला असेल तर तो साधारण 6 तासांच्या आत सोडवावा लागतो. छातीच्या खाली दुखून घाम फुटला तर दुखणे हृदयाचे असू शकते, म्हणून आधी ईसीजी. वृद्धांत आणि मधुमेहींत दुखणे सौम्य असले तरी आजार गंभीर असू शकतो.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत खायला-प्यायला देऊ नये. जुलाबाचे औषध किंवा एनिमा अजिबात नको. अडलेल्या किंवा सुजलेल्या आतड्यावर त्याने जोर येतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अल्सर चिघळवतात. त्याऐवजी कागदावर लिहावे: कळ किती वाजता आली, उलटी आधी की नंतर, शेवटचे खाणे, शेवटची शौच, पाळीची तारीख, चालू औषधे; रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ठळक.

रुग्णालयात मात्र वेदनाशामक मागायला कचरू नये. ‘दुखणे दबले तर निदान चुकेल’ हा समज जुना आहे. डॉक्टर योग्य मात्रेत औषध देऊनही निदान करू शकतात.