मानेच्या ऑपरेशनबद्दल

वडोदरा

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "जिभेवरचा कॅन्सर काढू देत, पण मानेला हात लावू देणार नाही. तिथे गाठ लागत नाही आणि रिपोर्टही सौम्य आहे." फोनवर मला रडू आवरेना, म्हणून लिहिते आहे. स्लाइड बघणं हेच माझं रोजचं काम, तेव्हा एवढं ऐकाच.

तुमची बायोप्सीची स्लाइड इंदूरहून मागवून मी स्वतः पाहिली. रिपोर्ट बरोबर आहे. बऱ्याच पेशी अजून आपलं मूळ काम विसरलेल्या नाहीत, केराटिन, म्हणजे अस्तराला कणखर करणारं प्रथिन, बनवताहेत. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक गुलाबी वर्तुळं दिसतात, त्यांना आम्ही केराटिनचे मोती म्हणतो. अशा पेशी एकमेकींना धरून असतात, म्हणून हा कॅन्सर सौम्य प्रकारचा म्हणायचा. पण खालच्या कडेला, जिथे रोग स्नायूत शिरतोय, तिथे मोती नाहीत. दोन-दोन, चार-चार पेशी घोळक्यातून सुटून पुढे गेल्या आहेत. रोग पसरतो तो या कडेकडून, आणि मला काळजी आहे ती तिचीच.

हे होतं कशाने? आपल्या लाळेत ईजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर असतो. जीभ चावली गेली तर जखम भरायला तो मदत करतो. स्टॅन्ली कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथीत सापडला, 1986चं नोबेल मिळालं त्यांना. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पेशींवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारे रेणू, बहुधा प्रमाणाबाहेर वाढलेले असतात, त्यामुळे 'वाढा' हा निरोप थांबतच नाही. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरची गोष्ट उलटी. निरोगी अस्तरात तो वाढीला आवर घालतो, पण रोग पुढे गेला की तोच पेशींना सुटं व्हायला मदत करतो. पेशींना बांधून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं आणि त्या सरकायला लागतात. तिसरा व्हीईजीएफ-सी, तो लसीकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, वाढवतो. जिभेतून त्या वाहिन्या जातात मानेतल्या लसीकाग्रंथींकडे, ज्यांना आपण गाठी म्हणतो.

तिथे पोचलेल्या मूठभर पेशी बोटाला लागत नाहीत, एमआरआयमध्येही दिसत नाहीत. तुमच्या एमआरआयमध्ये जिभेतली खोली 6 मिलीमीटर आली आहे. वरून जखम लहान दिसते, म्हणून आई म्हणते "एवढंसं तर आहे". पण हल्ली रोगाची पायरी ठरवताना ही खोली मोजतात, आणि 5च्या वर गेली की पहिली पायरी ओलांडली असं धरतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने नेमका तुमचाच प्रश्न तपासला होता: मानेत काही हाती लागत नसताना या गाठी आधीच काढाव्यात, की त्यांत रोग दिसल्यावर? 2015मध्ये 500 रुग्णांचा निकाल आला. आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. बाबा, हा फरक मला तुमच्या बाबतीत पणाला लावायचा नाही.

त्रास होईल, तो लपवत नाही. खांदा काही महिने जड वाटेल, हात वर न्यायला व्यायाम करावा लागेल. आई, तो रोज करून घेण्याचं तुझ्याकडे. आणि जेवणानंतरची सुपारी आता खरंच बंद. नुसती, तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2004मध्येच सांगितलंय. अडकित्ता आजीचा आहे, तो ठेवा. डबा मात्र रिकामा कर.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, शनिवारी सकाळी रामबागेत पोचेन. सर्जनची वेळ सोमवारची घेतली आहे. बाबा, तुमच्या मनातले सगळे प्रश्न कागदावर लिहून ठेवा. ते सर्जनना माझ्यासमोर विचारा, आणि मग संमतीच्या कागदावर सही करा.

तुमची,
माई