बँकॉकला जाताना: मोठी माय सोबत आहे, हळू फिरा

मु. आर्वी तालुका, जि. वर्धा

चि. ताई हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी सगळं ठीक आहे. कापसाची दुसरी वेचणी सुरू आहे, तुरीला फूल धरलं आहे. तू डिसेंबरात मोठी मायला घेऊन पाच दिवस बँकॉकला निघालीस, त्याचा आनंद आहे. पण तू पाठवलेल्या यादीत पाच दिवसांत बावीस ठिकाणं आहेत. ती यादी फाड. मोठी मायचे गुडघे आणि गळ्यातली माळ, दोन्ही सांभाळून ते शहर पाहायचं तर दिवसाला एकच मोहल्ला घे आणि त्यात चार-पाच वेळा थोडंथोडं खा. दरवर्षी आपल्या भागातली माणसं तिकडे नेतो, म्हणून नेमकं लिहितो.

आधी उन्हाचं. डिसेंबर तिथला बरा महिना आहे, तरी दुपारी पारा तिशीच्या वर जातो. मोठी माय म्हणेल, आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस असतात, तिशीचं काय घेऊन बसलीस? पण आपलं ऊन कोरडं. घाम आला की लगेच सुकतो आणि अंग थंड होतं. तिथल्या हवेत इतका ओलावा असतो की घाम अंगावरच राहतो, आणि कमी उन्हातही माणूस लवकर गळतो. म्हणून सकाळी साडेसहा ते अकरा फिरा. बारा ते चार खोलीत आडवं व्हा. साडेचारनंतर पुन्हा निघा. ओआरएसच्या पुड्या इथूनच न्या.

खोली निळ्या मेट्रोच्या साम योत किंवा वात मांगकोन स्टेशनाजवळ घे. जुनं शहर तिथून पायी आहे. विमानतळावरून रेल लिंकने फाया थायपर्यंत 45 बाटात अर्ध्या तासात पोचता, पण तिथे गाडी बदलताना जिने लागतात. सामान आणि गुडघे दोन्ही असले की मीटरची टॅक्सी बरी. पैसे आगमनाच्या मजल्यावर बदलू नको. खाली रेल लिंकच्या फाटकाजवळच्या खिडक्यांवर भाव चांगला मिळतो. एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी 200 बाटाच्या वर शुल्क कापतात. ठेल्यावरच्या क्यूआरला आपलं यूपीआय चालेल असं धरून जाऊ नको. 20 आणि 100 च्या नोटा जवळ असू दे, कारण सकाळी सात वाजता 1000 ची नोट पुढे केली तर सुटे कुठून देणार तो? एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपयांच्या मधे धर. आणि तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड दोघींचं भर. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद कर.

आता मोठी मायच्या जेवणाचं. हे नीट वाच.

तिथे 'व्हेज' या शब्दाचा उपयोग नाही. भाज्या दिसल्या की त्यांना ते व्हेजच वाटतं, पण त्यात नाम प्ला म्हणजे मासळीचा खारा रस असतो. आपण मीठ घालतो तितक्या सहज ते तो घालतात. दोन शब्द पाठ कर. पहिला 'चे', आपल्या चहातला च. इंग्रजीत तो जे लिहितात, म्हणून फसू नको. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो आणि लांबून इंग्रजी 17 सारखा दिसतो. त्या ठेल्यावर मांस, मासळी, अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नसतं. ऑक्टोबरच्या सुमारास, बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच, त्यांचे नऊ दिवस याच जेवणाचे असतात आणि अख्खा रस्ता पिवळा होतो. डिसेंबरात झेंड्या कमी, पण चिनी मोहल्ल्यात सापडतात. दुसरा शब्द 'मंगसविरत'. हा आपलाच आहे, मांस-विरती. यात अंडं चालतं, म्हणून मोठी मायसाठी 'चे'च माग. ठेल्यावर म्हण, "किन चे, खा." बायका वाक्याच्या शेवटी 'खा' लावतात, तो आदराचा शब्द आहे. नुसती मासळी नको असेल तर "माइ साइ नाम प्ला". तिखट नको, "माइ फेत". गोड नको, "माइ वान"; हे चहा-सरबताच्या ठेल्यावर लागेलच, कारण तिथला चहा बासुंदीसारखा गोड असतो.

पहिली सकाळ फुलबाजाराची ठेव. त्याचं नाव पाक ख्लोंग तलात. निळ्या मेट्रोच्या सनाम चाय स्टेशनावरून चालत जाता येतं. बाजार रात्रभर भरलेला असतो, म्हणून सहाला पोचलात तरी माल ताजा. झेंडूचे ढीग पाहून मोठी माय तिथेच बसेल, तिला बसू दे. हार करणाऱ्या बाईजवळ जरा थांब आणि तिचे हात पाहा. वीतभर लांब सुईला ती व्हॅसलीन लावते, म्हणजे कळ्या न फाटता सरकतात. मोगऱ्याच्या न उमललेल्या कळ्या एका मापाच्या निवडते, गोल-गोल ओवते, आणि मग सगळा वेढा एका ओढीत दोऱ्यावर उतरवते. खाली लोंबणारी पांढरट-जांभळी फुलं ओळख बरं. ती रुईची आहेत, आपण शनिवारी मारुतीला वाहतो तीच रुई. बाजूला कमळाच्या कळ्यांच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडणारी माणसं दिसतील. एखादा हार घ्या, पण देवासाठी घेतलेला हुंगायचा नाही, ही आपली रीत तिथेही पाळा.

नाश्ता म्हणून खानोम क्रोक शोध. बिडाचा गोल तवा आणि त्यात वाट्या, हुबेहूब आप्पेपात्र. तांदूळ भिजवून वाटतात, त्यात नारळाचं दूध आणि किंचित मीठ. आपल्यासारखं पीठ आंबवत नाहीत. आधी पातळ पीठ वाटीत ओततात, कडा धरली की मधोमध गोडसर घट्ट नारळदूध, वर मक्याचे दाणे, अरवीचे तुकडे किंवा कांद्याची पात, आणि झाकण. कड कुरकुरीत होते आणि मधला भाग खिरीसारखा राहतो. मग चमच्याने काढून दोन अर्धे एकावर एक ठेवतात. चूक एकच होते: बाहेरून कोमट लागला म्हणून अख्खा तोंडात टाकतात, आणि आतलं नारळदूध जीभ भाजतं. दोन मिनिटं थांबा. डबा बंद करून खोलीवर मात्र नेऊ नका, वाफेने कड मऊ पडते आणि मजा जाते. दोघींत एकच डबा घ्या. सगळीकडे हाच नियम: एक प्लेट, दोघी, मग पंधरा मिनिटं चालणं, मग पुढचा ठेला.

फुलबाजारातून पाहुरात पायी जवळ आहे. तो कापडाचा आणि आपल्या लोकांचा मोहल्ला. सोनेरी घुमटाचा उंच गुरुद्वारा दिसेल, तिथे सकाळी लंगर असतो. डोकं झाका, चपला काढा, पंगतीत बसा. मोठी मायला निर्धास्त जेवता येईल अशी ही जागा आहे. तिथून सांपेंग गल्ली सुरू होते. ती इतकी अरुंद की दोन माणसं कशीबशी जातात आणि मधूनच हातगाडी किंवा मोटरसायकल येते. मोठी मायला भिंतीच्या बाजूने चालव. टिकल्या, मणी, लेस तिथे ठोक भावात, म्हणजे एक नगाचा भाव वेगळा आणि डझनाचा वेगळा. दुकानं चार-पाचच्या सुमारास आवरायला लागतात.

दुसऱ्या दिवशी साम योत स्टेशनावरून साओ चिंग छा, म्हणजे मोठा लाल झोपाळा. त्याच्याजवळ 1784 सालचं ब्राह्मण देऊळ आहे. शंकर, गणपती आणि विष्णू यांची तीन वेगळी गाभारघरं. थायलंडच्या राजघराण्याचे विधी करणारे ब्राह्मण याच देवळाचे. शेजारच्या बामरुंग मुआंग रस्त्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या सोनेरी बुद्धमूर्ती फुटपाथवर ओळीने बसलेल्या असतात. पाहा, पण मूर्ती विकत घेऊ नका. परवान्याशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. संध्याकाळी दिन्सो रस्त्यावर मोंत नोम सोत या दुकानात भाजलेला जाड पाव आणि ताजं दूध मिळतं. मोठी मायला लोणी-साखरेचा पाव सांग. हिरव्या मलईत अंडं असतं.

चिनी मोहल्ला याओवारात सोमवारी ठेवू नको. पुष्कळ ठेले त्या दिवशी बंद असतात. दुपार उतरल्यावर आधी तलात नोई पाहा. जुन्या इंजिनांचे दातेरी चाक-पिस्टन घरांच्या दारापर्यंत रचलेले, त्यांना ग्रीसचा वास, आणि त्याच गल्लीत चिनी वाडे. मग वात त्राइमित या देवळातला साडेपाच टन सोन्याचा बुद्ध. वात म्हणजे देऊळ. कित्येक वर्षं तो चुन्याच्या गिलाव्याखाली होता. 1955 मध्ये हलवताना गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं. सहाला याओवारात पेटतो. सातच्या आत खाऊन घ्या, नंतर उभं राहायलाही जागा नसते.

तिथे सोम ताम दिसेल, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर. मातीचं उखळ, लाकडी मुसळ. बाई एका हाताने कुटते आणि दुसऱ्या हातातल्या चमच्याने उलटंपालटं करते. आपल्या ठेच्यासारखं बारीक करत नाहीत, पपई नुसती चेचली जाते, म्हणजे ताडगूळ, लिंबू आणि मिरची आत मुरते. पण सुका जवळा आणि नाम प्ला त्याच उखळात पडलेलं असतं. ते घालू नका असं सांगितलंस तरी आधीच्या प्लेटचा अंश उखळात राहतोच. म्हणून मोठी मायला ते देऊ नको. तुला हवं असेल तर एक बोट दाखव, एकच मिरची. भिवापुरीवर वाढलेल्या जिभेलाही ती बारकी मिरची भारी पडते. भाजीच्या नूडल्सचंही तसंच, कढई एकच असते. मोठी मायला भाजलेले चेस्टनट, उकडलेला मका, सोयाचं गरम दूध, आणि काचेच्या गाडीवर बर्फात ठेवलेला पेरू. पेरू समोर कापून माग, आधीच कापून ठेवलेला नको. आंबा-भाताची ओढ तुला असेल, पण त्यांचा आंब्याचा हंगाम मार्च ते मे. डिसेंबरातल्या आंब्याला तेवढी चव नसते आणि दाम मात्र जास्त. बर्फ मधे भोक असलेल्या नळीच्या आकाराचा असेल तर कारखान्याचा समज. फोडलेल्या लादीचा असेल तर नको.

नदीसाठी एक दिवस ठेवलास तर नारिंगी झेंडीची बोट पकड, भाडं 20 बाटाच्या आत. धक्क्यावर मोठ्याने बोलावून विकतात ते पर्यटकांच्या बोटीचं महागडं तिकीट. वात फोचा 46 मीटर लांब निजलेला बुद्ध पाहा. त्याच्या मागे 108 काशाची भांडी आहेत, मोठी मायला एकेकात नाणं टाकायला आवडेल. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रस्त्यात कुणी अंगावर येऊन सांगितलं की "आज देऊळ बंद आहे, टुकटुकने दुसरीकडे नेतो", तर उत्तर न देता पुढे चाल. तो रत्नांच्या दुकानात नेतो.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात राष्ट्रगीत लागतं. सगळे उभे राहिले की तुम्हीही थांबा. भिक्खूच्या अंगाला बाईने हात लावायचा नाही, हे मोठी मायला आधीच सांग, ती आशीर्वादाला पुढे जाईल.

शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा तुझ्या आईने बांधून ठेवला आहे. चटणीच्या पिशवीला दोन रबर लाव, तेल सुटतं. मोठी मायच्या गुडघ्याचा पट्टा आणि गोळ्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नको, हातातल्या पिशवीत ठेव. पोचल्यावर फोन कर. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, आम्ही पहाटे पाचला उठलेलेच असतो.

तुझे बाबा