वाढीव शुल्क घेऊनही शुश्रूषेचे वेळापत्रक न बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. संचालक,
ज्येष्ठ नागरिक निवास विभाग, मुख्य कार्यालय

विषय : बेळगाव येथील निवासाच्या दुसऱ्या मजल्यावरील शुश्रूषा

स.न.वि.वि.

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या आई-वडिलांच्या आणि सासू-सासऱ्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. दाखल झाली तेव्हा यातली बहुतेक मंडळी काठी टेकत का होईना, हिंडत-फिरत होती. आज कोणाला पार्किन्सन आहे, कोणाला पक्षाघात, कोणाला डिमेन्शिया, आणि काहींना दोन-दोन आजार एकत्र. कंपनीने त्यानुसार वरची श्रेणी लावून शुल्क वाढवले. त्याला आमची हरकत नाही. पण त्या पैशातून गाद्या आणि यंत्रे आली. मनुष्यबळ आणि वेळापत्रक चालत्या-फिरत्या माणसांसाठी होते तेच राहिले. आमची तक्रार ही आहे.

रात्रीचा हिशेब आपणच मांडून पाहावा. मजल्यावर 24 खाटा, रात्री दोन मावश्या, आणि एक सिस्टर तिन्ही मजल्यांना मिळून. यातल्या सात जणांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते. वळवणे म्हणजे डायपर पाहणे, माकडहाड, खुबे आणि टाचांवरची त्वचा तपासणे, चादरीच्या सुरकुत्या काढणे, 30 अंशांत कुशीवर घेऊन पाठीमागे व गुडघ्यांमध्ये उशी देणे, आणि पोटरीखाली उशी सारून टाचा अधांतरी ठेवणे. नीट केले तर दोघींना मिळून 12 ते 15 मिनिटे लागतात. सात जणांचे जवळजवळ दीड ते पावणेदोन तास झाले. मग उरलेल्या 17 जणांपैकी कोणी बेल दाबली तर जायचे कोणी? घाईत एकटीनेच ओढून वर सरकवले जाते, त्यात त्वचा चादरीवर घासते आणि जखमेची सुरुवात तिथेच होते. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिली, तर ती जखमेची पहिली पायरी असते. हे पाहायला उजेड लागतो, वेळ लागतो. तक्त्यावर मात्र दर दोन तासांची खूण रोज बिनचूक असते.

हवेच्या गाद्यांनी हे काम टळत नाही, आणि त्या गाद्याही चुकीच्या वापरल्या जात आहेत. पंपाचा दाब माणसाच्या वजनाप्रमाणे ठेवायचा असतो. इथे सगळ्यांचे बटण शेवटच्या टोकाला आहे. 42 किलोच्या बाईंना ती गादी फळीसारखी टणक लागते. दाब कमी पडतो का, हे माकडहाडाच्या खाली गादीखालून हात घालून कळते : मध्ये किमान अडीच सेंटिमीटर हवा जाणवली पाहिजे. वरून रबरी शीट, दुपदरी चादर आणि आडवे कापड घातले की गादीचा उपयोगच संपतो. मध्ये भोक असलेल्या रबरी रिंगा तर आजच काढून टाकाव्यात. त्यांच्या कडांवर दाब येऊन आतल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो.

औषधांची फेरी सर्वांना सकाळी 8, दुपारी 1, रात्री 8 अशी एकदमच होते. पार्किन्सनची लेव्होडोपा अशी चालत नाही. डॉक्टरांनी 7, 11, 3, 7 लिहून दिले असेल तर त्याच वेळी, जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायला हवी. दुधाबरोबर दिली की दुधातल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही. गोळी तासभर उशिरा पोचली की शरीर आखडते, आणि नेमकी तीच वेळ अंघोळीची. मग नोंदवहीत 'सहकार्य करत नाहीत' असा शेरा पडतो. हा अन्याय आहे.

इन्सुलिनचेही तसेच. साधे रेग्युलर इन्सुलिन दिल्यावर अर्ध्या तासात घास पोटात गेला पाहिजे. हाताने भरवावे लागणाऱ्यांचा नंबर शेवटी लागतो आणि एकेका ताटाला अर्धा-पाऊण तास जातो. साखर 70 च्या खाली उतरली की डिमेन्शियाचा माणूस नुसता बेचैन दिसतो. रात्री ओरडत होते, एवढेच आम्हाला कळवले जाते. ज्यांना इन्सुलिन आहे आणि भरवावेही लागते, त्यांचे ताट आधी लावा, इंजेक्शन ताट समोर आल्यावर द्या की अर्धा तास आधी, हे इन्सुलिनच्या प्रकाराप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

गिळायला त्रास असणाऱ्यांना पातळ आमटीत कालवलेला भात देणे थांबवावे. मऊ दिसतो म्हणून तो सुरक्षित वाटतो, पण पातळ आमटी आधी घशात उतरते आणि शिते मागे राहतात. त्यातून ठसका लागतो आणि अन्न फुप्फुसात जाते. घट्ट वरण-भात एकजीव करून द्या. संध्याकाळचा चुरमुऱ्यांचा चिवडा या मंडळींना नकोच. भरवताना पाठ सरळ आणि त्यानंतर अर्धा तास तशीच ठेवावी. पुढे डोक्याकडची बाजू 30 अंशांपर्यंत खाली घ्यावी, नाहीतर माणूस घसरत राहतो आणि माकडहाडावर ताण येतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कसा पडतो आणि वीज किती वेळा जाते, हे मुख्य कार्यालयाला माहीत नसेल, पण स्थानिक व्यवस्थापकांना नक्की माहीत आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही. राखीव सिलिंडर आहे, त्याची चावी कार्यालयाच्या कुलपात. पूर्ण भरलेला 1,500 लिटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला 2 लिटरने सुमारे 12 तास पुरतो. पण तो खोलीत, रेग्युलेटर लावून, चावी साखळीने बांधून ठेवला तरच.

मावश्यांबद्दल आमची तक्रार नाही. त्या मनापासून राबतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी कन्नड वाचतात, निवासी मराठी बोलतात आणि शुश्रूषेची योजना इंग्रजीत, संगणकात आहे. खाटेपाशी कन्नड-मराठी असा एक कागद लावा : कुठल्या कुशीवर, किती वाजता कोणते औषध, अन्न किती घट्ट. ज्यांना दुखणे सांगता येत नाही त्यांच्यासाठी श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत काढल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देण्याची पद्धत आहे. ती शिकवायला एक दुपार पुरते.

आमची मागणी अशी. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत दुसऱ्या मजल्यावर आणखी दोन मावश्या आणि मजल्याची स्वतंत्र सिस्टर नेमावी. औषधांचे वेळापत्रक प्रत्येक निवासीचे वेगळे करावे. गाद्या आणि सिलिंडर ही कामे आठवडाभरात व्हावीत, बाकीची 15 दिवसांत. तसे न झाल्यास वाढीव शुल्काच्या परताव्यासह ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटीची तक्रार आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करू.

उत्तर लेखी द्यावे. बैठक घेणार असाल तर ती संध्याकाळी 7 नंतर ठेवा आणि रात्रपाळीच्या मावश्यांना त्या वेळेचा पगार देऊन बोलवा.

आपले,
दुसऱ्या मजल्यावरील निवासींचे नातेवाईक
बेळगाव, खानापूर, निपाणी