काकूंचा सोनटक्का

नेरुळ, ८ जुलै

प्रिय सुजे,

पत्र बघून घाबरू नकोस. माझी शुगर आटोक्यात आहे, ह्यांचा गुडघा तसाच, आईला ऐकू कमी येतं. झालं. हे फोनवर सांगायला गेले असते तर तुझ्या शेजारून काकूंनी "कोण गं?" विचारलं असतं आणि मी काहीतरी खोटं बोलले असते. दीड महिना तुझे फोन उचलले नाहीत, त्याचं कारणही हेच.

काकूंचा सोनटक्का मी उपटला.

आता नीट सांगते. मे महिन्यात मागच्या अंगणाचा कोबा फोडायचं ठरवलं. तुला माहितेय तो कोबा, दुपारी अनवाणी उभं राहता यायचं नाही. बारा बाय पंधराची जागा, त्यात एक गवताचं पातं नाही. बाजूला बारा हजार रुपये काढून ठेवले होते, त्यापलीकडे जायचं नाही असं ह्यांना कबूल केलं होतं. दोन माणसं, दोन दिवस, पहार आणि घण. डेब्रिज उचलायला टेम्पोवाला अडीच हजार मागत होता, म्हणून म्हटलं एकही तुकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही. मोठे तुकडे वाफ्यांच्या कडेला लावले, बारीक चुरा वाटेखाली. खाली निघाला नुसता भरावाचा मुरूम आणि विटांचे तुकडे. एक फूट खड्डा करून पाण्याने भरला, तर सकाळपर्यंत निम्मं तसंच! म्हणून माती वर चढवावी लागली. लाल माती, शेणखत आणि झाडूवाल्या मावशींकडून मागून घेतलेला सुका पाला. झाडं जवळपास विकत घेतलीच नाहीत. कर्दळ, गवती चहा, ओवा सगळं कुणाकुणाकडून फांदी-गड्डा मागून, गोकर्णाचं बी शाळेच्या कुंपणावरून. (हो, त्याच कुंपणावरून. त्या दिवशी पकडली गेली होतीस तू, मी नाही, हे अजूनही लक्षात ठेव.)

अंगण इतकं छान झालं की हात थांबेना. मागच्या गल्लीत शिरले. आमच्या भिंतीलगत दीड फूट रुंद वाफा केला, त्याच कोब्याच्या तुकड्यांची कड लावली, सिमेंटने पक्की. आणि गल्लीच्या टोकाला, तुमच्या जुन्या घरामागे, सोनटक्का चार फूट पसरला होता. पानं पिवळी, मध्ये प्लास्टिक अडकलेलं. कुणाच्या तरी घराच्या कामातून उरलेल्या शहाबादी लाद्या फुकट मिळत होत्या. संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून बसायला तिथे छान कोपरा होईल असं मनात आलं, आणि काढला. ऐन मे महिन्यात. गड्डे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, पावसाळा लागला की कुठेतरी लावू म्हणून. त्यांचे अकरा तुकडे होते.

गेल्या मंगळवारी पाऊस झाला. तुमच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं, सुजे. ओट्याखाली, जिथे काकू रॉकेलचा तो पिवळा कॅन ठेवायच्या, तिथपर्यंत. आता तिथे राहतात त्या आजी एकट्याच असतात. मी पोचले तेव्हा त्या पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर पिठाचा डबा. मला म्हणाल्या, "बाई, सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं." भरतीची वेळ होती, खाडीला पाणी चढलं की आपल्या गटारांतून काही जात नाही, पावसाचं पाणी साठवायचा धारण तलावही तुडुंब. सगळे तेच म्हणत होते. मला मात्र कळलं होतं.

रात्रभर हिशेब करत बसले. चारशे चौरस फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ३,७०० लिटर पाणी होतं. सात घरं, सगळ्यांच्या पन्हळी गल्लीतच सुटतात, म्हणजे पंचवीस हजार लिटरच्या वर. काकांनी त्या गल्लीला शंभर फुटांत एक फूट ढाळ काढून घेतला होता. आठवतं ना, कंत्राटदाराशी भांडून, वरच्या टोकाला गोटी सोडून दाखवली होती? आणि ती गोटी माझी होती, हिरवी, तुझी नाही, हे मी आजही सांगते. तर माझ्या वाफ्याची कड म्हणजे पक्का बांध झाला. तिला एकही फट नव्हती. पाणी बाजूला वळलं आणि उरलेल्या अडीच फुटांतून जोरात खाली गेलं. खाली गटाराच्या तोंडाशी आधी सोनटक्का असायचा, चिखलात पाय रोवून. आता तिथे लाद्या, त्याही दोन बोटं वर बसलेल्या. ते पाणी जाणार कुठे?

काकूंनी तो तिथेच का लावला होता, हे मला तीस वर्षांनी समजतंय. मला वाटायचं, मोरीचं पाणी फुकट जाऊ नये म्हणून. किती वेळा मी त्यांना म्हटलं असेन, काकू, हा पुढच्या दारी लावा ना, सगळ्यांना वास येईल. त्या हसायच्या नुसत्या.

बुधवारी कड चार-चार फुटांवर छिन्नीने फोडली, भिंतीलगत नऊ इंचांचा चर खणून खडी भरली. पारदर्शक नळीत पाणी भरून सगळ्या गल्लीचा ढाळ मापला, काका करायचे तसंच. लाद्या परवा उचलते. आजींच्या पिठाचे, डाळीचे पैसे दिले, त्या घेत नव्हत्या. पण रविवारी मीटिंग आहे आणि सगळ्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक हवेत, माझा वाफाही काढून. कुठल्या तोंडाने नाही म्हणू? मधले दोन फूट लाद्या, दोन्ही कडांना खडीचे चर आणि झाडं, असा कागद काढून ठेवलाय. पेव्हरखालीही तोच मुरूम असणार, पाणी त्यातही जिरणार नाही, ते खालीच येणार. हे समजावून सांगायला काका हवे होते. तू असतीस तरी चाललं असतं, तुझा आवाज मोठा आहे.

आणि गड्डे. अकरांपैकी सात कुजले. चारांना कोंब आलेत, बोटभर, गुलाबीसर. ते पुन्हा त्याच कोपऱ्यात लावणार आहे, डोळे वर करून, फार खोल नाही. यंदा फुलं येणार नाहीत. गौरींना काकूंच्या सोनटक्क्याची वेणी नसेल. तू दुपारीच सगळ्या कळ्या खुडायचीस आणि संध्याकाळी तुझ्या केसांत त्या उमलायच्या, मी महिनाभर बोलले नव्हते त्यावरून. यंदा भांडायलाही काही नाही.

मुक्ताच्या ॲडमिशनचं काय झालं? कोल्हापूर की पुणे? भाऊजींची बदली टळली ना? आयर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी बघतच असशील, जपून राहा, काकूंना वरच्या खोलीत हलवायची वेळ येऊ नये.

काकू मला दर वर्षी श्रावणात विचारतात, आला का गं फुलायला? यंदाही विचारतील. ओंकार वीस तारखेला सांगलीला येतोय. चारांतला एक गड्डा त्याच्याकडे देऊ का, काकूंना कुंडीत लावायला? पण त्या विचारतील, उपटला कशाला. तू आधी सांगतेस का, की मीच फोन करू? लवकर कळव, तोवर तो ओल्या गोणपाटातच ठेवते.

तुझी,
मंदा