एक्सझेड सांभाळणाऱ्या लासे कॉलिन यांस

श्री. लासे कॉलिन, फिनलंड यांस
स.न.वि.वि.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाचे सर्व्हर बघतो. तिथे फाइल दाबून लहान करायला तुमचा एक्सझेड हा प्रोग्रॅम वापरतो. तुमची-माझी ओळख नाही आणि तुम्हाला मराठी येत असेल असंही वाटत नाही. तरी पत्र जाहीर लिहितोय. आमच्याकडच्या बऱ्याच सिस्टीमवाल्यांनी तुमचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते मार्च २०२४ मध्ये, एका घातपाताच्या बातमीत, आणि माझ्या मते ते त्याच्या कितीतरी आधी ऐकायला हवं होतं.

आमच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या संस्थांतून दूध संकलनाच्या नोंदी येतात. उत्पादकाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅटशिवायचे घन पदार्थ), दर, रक्कम. माणसं तीच, म्हशी त्याच, आकडे थोडे इकडे-तिकडे. रात्री या सगळ्याचा डंप (पूर्ण नक्कल) काढून कॉम्प्रेस करायचा, हे माझं काम. जीझिप हे याच कामाचं जुनं अवजार मागचा फक्त ३२ केबी मजकूर ध्यानात ठेवतं. सकाळी आलेली ओळ संध्याकाळच्या पाळीत जवळजवळ तशीच येते, पण तोवर ती जीझिपच्या नजरेआड गेलेली असते. तुमचं एक्सझेड नेहमीच्या पातळीवर ८ एमबी मागपर्यंत बघतं, म्हणून त्याला ती सापडते आणि फाइल कितीतरी लहान होते. मूळ एलझेडएमए पद्धत सेव्हन-झिपवाल्या इगोर पावलोव्ह यांची, हे ठाऊक आहे. पण युनिक्सच्या माणसाला सवयीची वाटेल अशी आज्ञा, लायब्ररी आणि चेकसम असलेला फाइल फॉरमॅट हे तुमच्या प्रकल्पाचं काम. बॅकअपची फाइल डिस्कवर उलगडून न ठेवता शाबूत आहे की नाही, हे एका ओळीत तपासता येतं. महिनाअखेरीला ऑडिटर समोर बसलेला असताना याची किंमत कळते.

आणि तुमचं मॅन पेज, म्हणजे प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका! लोक प्रोग्रॅमचे आभार मानतात, मॅन पेजचे कोणी मानत नाही. त्यात प्रत्येक पातळीला किती मेमरी लागते याचा सरळ तक्ता आहे. मायनस सिक्स या नेहमीच्या पातळीला कॉम्प्रेस करताना ९४ एमबी आणि उलगडताना ९, मायनस नाइनला ६७४ आणि ६५. शिवाय फाइल लहान असेल तर वरच्या पातळ्या वापरून काही पदरात पडत नाही, हेही स्पष्ट लिहिलंय. ‘सगळ्यात मोठा आकडा म्हणजे सगळ्यात भारी’ असं मानून जुन्या मशीनची मेमरी संपवणारे लोक प्रत्येक ऑफिसात असतात. नवीन मुलगा कामाला लागला की मी त्याला आधी हे पान वाचायला बसवतो. एखादं अवजार कुठे वापरू नये हे त्याच्या कर्त्यानेच लिहून ठेवावं, असं फार क्वचित बघायला मिळतं.

आता त्या मार्चबद्दल. २९ तारखेला, गुड फ्रायडेला, बातमी फुटली. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियन या लिनक्सच्या अस्थिर (सिड) आवृत्तीच्या मशीनवर एसएसएचने, म्हणजे दुरून, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं होतं. त्यांनी माग काढला तो लिबएलझेडएमए या एक्सझेडच्या लायब्ररीपर्यंत जाऊन पोचला. एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा होता. एसएसएचचा मूळ कोड तुमची लायब्ररी वापरतच नाही. पण डेबियन, फेडोरासारख्यांनी त्याला सिस्टीमडीशी (सेवा सुरू-बंद करणाऱ्या भागाशी) जोडणारा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, लावला होता आणि सिस्टीमडीच्या पाठोपाठ लिबएलझेडएमए आत येत होती. विष लपवलं होतं चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत. ते बाहेर काढणारी ओळ गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड्या भांडारात, नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे बांधून दिलेल्या गठ्ठ्यात, होती. विशिष्ट किल्ली हाती असलेल्याला पासवर्डशिवाय मशीनवर हवी ती आज्ञा चालवता आली असती. आपल्याकडे बातमी पोचली तेव्हा रात्र झाली होती. आमचे सर्व्हर डेबियन १२ वर, त्यात ५.४.१, म्हणून आम्ही वाचलो. फ्रॉइंड यांचे आभार सगळ्या जगाने मानले, मीही मानतो.

त्यानंतरच्या दिवसांत मी तुमचा जुना पत्रव्यवहार वाचला. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून नीटनेटके पॅच पाठवत होतं. २०२२ मध्ये दुसरी काही नावं उगवली. काम किती हळू चाललंय, पॅच महिनोन्‌महिने पडून आहेत, मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) बदला, असा तगादा. त्यांतलं एक नाव ‘जिगर कुमार’, हे वाचून इथल्या माणसाचे कान टवकारणारच. ही नावं बनावट असावीत असंच आज तपास करणारे मानतात. तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलं होतं की तब्येतीच्या, मनाच्या तक्रारी दीर्घकाळ चालू आहेत, आणि हा बिनपगारी, हौसेचा प्रकल्प आहे हेही लक्षात ठेवा. ते वाचून मी खुर्चीत मागे रेललो. जगभरच्या लिनक्स मशीनवर चालणारी लायब्ररी आणि तिच्यामागे मुख्यत्वे एक थकलेला माणूस. हल्लेखोराने कोडमधली फट शोधण्याआधी ही फट शोधली. पुढे काही जणांनी तुम्हालाच बोल लावले, की अनोळखी माणसावर विश्वास टाकलाच कसा. असं बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याआधी एक्सझेडला एक पॅच किंवा एक पैसा दिला होता, हे मला विचारावंसं वाटतं.

माझे खरे आभार त्यानंतरच्या कामाचे आहेत. बातमी फुटली, गिटहब या कोड ठेवायच्या साइटने प्रकल्प बंद केला, तुमचंही खातं गोठवलं. तुम्ही स्वतःच्या साइटवर एक साधं पान टाकलंत: काय झालं, कोणाच्या हाती काय होतं, काय नव्हतं. मुख्य साइट आणि तुमचं स्वतःचं गिट एकट्या तुमच्याच हाती होतं, जिया टॅनला, म्हणजे चोरदरवाजा घुसवणाऱ्याला, फक्त गिटहबवरच्या गोष्टी मिळाल्या होत्या. चार ओळींत एवढं कळलं आणि आमच्यासारख्यांची निम्मी धास्ती गेली. दुसऱ्याच दिवशी तुम्ही एक टिंब काढलंत. प्रोग्रॅम बांधणाऱ्या सीमेकच्या एका तपासणीत कोडच्या मधोमध एक एकटं टिंब घुसवलेलं होतं. त्यामुळे ती तपासणी कायम नापास व्हायची आणि लँडलॉकचा सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रॅमभोवतीचं सुरक्षेचं कुंपण, गुपचूप बंद राहायचा. पडद्यावरचा कचरा समजून कोणीही सोडून दिलं असतं असं टिंब.

मग २९ मे रोजी ५.६.२ आलं, चोरदरवाजा काढून. त्या रिलीजच्या नोंदी मी दोनदा वाचल्या. आयफंकचा (चालू होताना फंक्शनची योग्य आवृत्ती निवडायच्या सोयीचा) आधार काढून टाकलाय, असं त्यात आहे. चोरदरवाजा त्याच वाटेने आत शिरला होता, तेव्हा ‘सुरक्षेसाठी काढलं’ एवढं लिहिलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. तुम्ही मुद्दाम लिहिलंत की हे सुरक्षेच्या कारणाने केलेलं नाही, वेगातला फायदा इतका किरकोळ आहे की त्यासाठी वाढीव गुंतागुंत परवडत नाही. जग डोक्यावर ओरडत असताना इतकं प्रामाणिक कारण लिहिणं मला जमलं नसतं. आमच्याकडे छोटा बदलसुद्धा ‘सिक्युरिटी’ म्हटल्याशिवाय मीटिंगमध्ये मंजूर होत नाही.

आम्ही सर्व्हर आता डेबियन १३ वर नेलेत. त्यात तुमचं ५.८.१ आहे. रात्रीचा डंप नीट निघतोय, तपासणीही पास होतेय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दूध संघाचा एक सिस्टीमवाला

ता.क. : या पत्राचं उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका. सोबत पॅच नाही, मागणी नाही आणि कसली घाईही नाही.