सत्तरी तालुक्यातील अनोळखी मदतगारांचे आभार

गेल्या रविवारी आम्ही नऊ जण चार जीपगाड्या घेऊन म्हापशाहून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील डोंगरवाटांवर गेलो होतो. वाळपईच्या पुढे, पावसाने मऊ झालेल्या तांबड्या मातीत आमची दुसरी गाडी आसापर्यंत रुतली, आणि चारही चाकांना जोर देऊनही ती अधिकच खोल जात राहिली. त्या वेळी कुळागरातील (माड-पोफळीच्या बागेतील) काम टाकून आलेल्या तिघा गृहस्थांनी आम्हांला आधी इंजिन बंद करायला लावले, टायरांतील हवा कमी करवून घेतली, चाकांपुढची माती कुदळीने उकरून तिथे दगड आणि माडाच्या झावळ्या नीट रचल्या आणि मगच दोर बांधू दिला. विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) आमचा होता, अक्कल मात्र त्यांची, हे मान्य केलेच पाहिजे. चिखलाने माखलेल्या पायांनी ओसरीवर चढण्यास आम्ही संकोचलो, तेव्हा शेजारच्या घरातील आजींनी "येयात, बसात" म्हणत सर्वांना गरम पेज आणि तोराचे (कोवळ्या कैरीचे) लोणचे वाढले. पैसे कोणीच घेतले नाहीत आणि निघण्याच्या घाईत नावे विचारायची राहून गेली, याची रुखरुख आहे. आपणा सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. दगडावर आपटून ज्यांच्या कुदळीचा दांडा मोडला, त्यांच्यासाठी नवी कुदळ घेऊन आम्ही येत्या रविवारी त्याच वाटेने, या वेळी पायी, येत आहोत.