रानाची वही ग्रामपंचायतीत पोहोचू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागला की रानभाजी महोत्सवांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर येऊ लागतात. त्या मी कात्रण करून ठेवते. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली या भाज्यांना व्यासपीठ मिळाले याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या छायाचित्रांतली शाळेची मुले स्वागतगीतापुरती उभी असतात. खरे तर आमच्या भागात भाजी रानातून खुडून आणणारे हात बऱ्याचदा याच मुलांचे असतात.

मी मुरबाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून 31 वर्षे शिकवले. 'परिसर अभ्यास' हा माझा जिव्हाळ्याचा विषय. एकदा चौथीच्या वर्गात राज्यप्राणी कोणता म्हणून विचारले. सगळे एका सुरात, "शेकरू!" पाहिलाय कुणी? वर्ग गप्प. मग मी वर्णन करू लागले, तांबूस पाठ, झुपकेदार लांब शेपूट, झाडावरून झाडावर उडी. तेव्हा मागच्या रांगेतला एक ठाकर मुलगा म्हणाला, "बाई, ती मोठी खार? ती आमच्या वाडीच्या वर हाय की. एकटीच चार-चार घरटी बांधते." शेकरू एकापेक्षा जास्त घरटी बांधतो हे खरेच आहे आणि ते त्याच्या पुस्तकात नव्हते. भीमाशंकरचे अभयारण्य 1985 साली झाले, ते आमच्या तालुक्यातही उतरते. त्या मुलाला शेकरू ठाऊक होता, फक्त परीक्षेतला शब्द आणि वाडीवरचा प्राणी एकच आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. मुलांनीच ठरवले की सुरुवात रानभाज्यांपासून करायची. रकाने आखले : नाव, कुणी सांगितले, पहिल्यांदा कधी दिसली, कुठे, कशी खुडायची. नियम एकच होता, घरातल्या मोठ्या बाईला दाखवल्याशिवाय कुणी काही तोंडात घालायचे नाही. याच रानात कळलावीही असते आणि तिचा कंद विषारी असतो. कडू करांदा राख घालून उकडावा लागतो. पोरांच्या हातात रान सोपवायचे तर ही काळजी आधी घ्यावी लागते.

पहिल्याच वर्षी अडचण आली ती शेवळाची. शेवळ मृगाच्या आगेमागे, पहिल्या वळवाबरोबर जमिनीतून वर येते आणि आमची शाळा उघडते 15 जूनच्या सुमाराला. तोवर शेवळाचा बहर ओसरलेला. म्हणून पुढच्या वर्षापासून वही मेच्या सुट्टीत एका मुलीच्या घरी राहायला लागली. तिच्या आजीने मुलांना शेवळ शिकवले. ते खाजरे असते, म्हणून काकड नावाच्या झाडाच्या आंबट फळांचा रस घालून शिजवायचे. वरचा कोंब तेवढा खुडायचा, खालच्या कंदाला हात लावायचा नाही. "कंद राहिला तर पुढच्या सालाला ते आपल्याला विचारत येतं," असे म्हातारी म्हणाली. मागाहून त्याच जागी मोठे फाटे फुटलेले पान वर येते, तेच कंदाला पोसते. ते तुडवायचे नाही. मी दहा तास घेऊन जे शिकवू शकले नसते ते तिने उकिडवे बसून पंधरा मिनिटांत शिकवले.

नावांवरून वर्गात भांडण झाले. एका वाडीतली मुले फोडशी म्हणत, दुसऱ्या वाडीतली त्याच भाजीला कुलू. खरे नाव कोणते, बाई सांगा, म्हणून दोन्ही गट माझ्यासमोर उभे राहिले. मी सांगितले नाही. दोन्ही लिहा म्हटले, शेजारी वाडीचे नाव लिहा. त्या दिवसापासून आजी, मावश्या, काकूंची नावे 'कुणी सांगितले' या रकान्यात भराभर येऊ लागली. एका कातकरी मुलाचे नाव हजेरीपटावर असे, पण मुलगा वीटभट्टीवर. तो दिवाळीआधी महिनाभर शाळेत आला आणि त्याने एकट्याने अकरा नोंदी भरल्या. त्यात चाईचा मोहोर होता, तो कोणत्या झाडावर चढलेल्या वेलाचा काढायचा हेही होते. पुढे तो पुन्हा गेला. त्याच्या अक्षरातली ती पाने मला आजही सापडतात.

तिसऱ्या वर्षी वहीतला एक रकाना रिकामा राहू लागला. शाळेच्या खालच्या अंगाच्या शेतांच्या बांधांवर टाकळा, कुर्डू येईनासे झाले. मुले आधी म्हणाली पाऊस कमी झाला. पण वरच्या अंगाला तर भरपूर उगवले होते. मग एका मुलीने शोधून काढले, खालच्या बांधांवर तणनाशक मारले होते. पिवळे, वाळके, जळल्यासारखे पट्टे होते ते. मुलांनी दोन्हीकडचे बांध पावलांनी मोजले, कुठे किती रोपे ते लिहिले. टाकळ्याच्या पानांवर पिवळी फुलपाखरे अंडी घालतात हे त्यांनी आदल्या वर्षी पाहिले होते. त्या बांधावर तीही नव्हती. दोन पालकांनी पुढच्या वर्षी बांधाला फवारा मारला नाही, विळ्याने कापले. एक पालक मात्र शाळेत येऊन माझ्यावर रागावले. पोरांना शेतीत नाक खुपसायला शिकवता का, म्हणाले. त्यांची मजुरीची अडचण मला कळत होती. खुरपणीला माणूस मिळत नाही ही आमच्याकडची खरी गोष्ट आहे. तरीही त्यांच्या मुलाने त्या बांधाची नोंद खोडली नाही, आणि मीही त्याला खोडायला सांगितले नाही.

आता मुद्द्याचे. जैविक विविधता कायदा 2002 चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही हवी : गावात कोणती झाडे, प्राणी, मासे, बियाणी, औषधी आहेत आणि लोकांना त्यांच्याबद्दल काय ठाऊक आहे याची. राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या पुऱ्या करायला 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली होती, न झाल्यास दंड. मुदतीमुळे कामाला वेग आला हे चांगलेच झाले. पण घाईत केलेल्या कामाचे व्हायचे तेच काही ठिकाणी झाले. आमच्या भागातल्या एका गावची नोंदवही मी पाहिली आहे. त्यात शेवळ नाही, कुलू नाही, आणि त्या रानात कधीच नसलेली दोन झाडे आहेत. गावातल्या एकाही म्हातारीचे नाव त्यात नाही. ती नोंदवही कपाटात आहे आणि मुलांची वही शाळेत आहे, दोन्हींमध्ये चालत पाच मिनिटांचे अंतर आहे.

हे अंतर तोडावे एवढीच माझी मागणी आहे. नोंदवही एकदा करून ठेवायची नसते, त्यात भर घालायची असते. ती भर दरवर्षी गावच्या शाळेने घालावी. समितीने मुलांची पाने तपासावीत, जाणत्यांना विचारून पक्की करावीत आणि मूळ नोंदवहीला जोडावीत, मुलांच्या नावासकट. शनिवारी शाळांत 'आनंददायी शनिवार' असतो, तो वेळ यासाठी देता येईल. नवा निधी नको, एक वही आणि मोजायला सुतळी पुरते. 15 ऑगस्टची ग्रामसभा रानभाजीच्या ऐन दिवसांत येते. तिथे ध्वजवंदनानंतर मुलांनी वर्षाची पाने वाचून दाखवावीत. आपण लिहिले ते मोठ्या माणसांनी ऐकले, कागदाला जोडले, हे मुलाने एकदा पाहिले की त्याला पुढच्या वर्षी सांगावे लागत नाही.

5 जूनची, पर्यावरण दिनाची रोपे लावू नयेत असे मी म्हणत नाही. पण त्या रोपाचे पुढे काय झाले हे एप्रिलमध्ये जाऊन बघणारे मूल मला त्या दिवसाच्या छायाचित्रापेक्षा मोलाचे वाटते. घाटापलीकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावठी बियाणी जपली, त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली. अशा बाया आमच्या वाड्यांवरही आहेत, त्यांच्याजवळ बसायला मुले हवीत. ज्या आजीने आम्हाला शेवळ शिकवले ती दोन वर्षांपूर्वी गेली. तिने सांगितलेल्या सात भाज्यांची नावे आज त्या वहीशिवाय कुठेही लिहिलेली नाहीत.

आपल्याकडेही एक विनंती. जिल्हा पानावर आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा द्या, गावातल्या मुलांनी स्वतः पाहिलेल्या नोंदीसाठी. शुद्धलेखन सुधारा, पण बोली सुधारू नका. पहिली नोंद मी आमच्या वहीतून पाठवते आहे, पाचवीतल्या मुलीची :

"आज पाऊस पडून तिसरा दिवस. टाकीच्या मागं शेवळं आली. नऊ मोजली. आजीनं चार खुडली, पाच तशीच ठेवली. सांजच्याला परत बघाया गेलो तर पाचच होती."

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. मुरबाड, जि. ठाणे